लवंगेवरचं उड्डाण

लोहारा, १२ सप्टेंबर

भैरवी,

तू मले फोनवर ब्लॉक केलं ते बरं केलं. फोनवर मी लई खोटं बोलतो, कागदावर जरा कमी. तुझा नाशिकचा पत्ता कोणापाशी मागितला नाही. तू नयनले कुरिअरनं गॉगल पाठवला ना, त्याचं खोकं त्यानं माह्यासमोरच फेकलं. खोक्यावर तुझं अक्षर होतं. मी ते घडी घालून ठेवलं.

आता नयनचं खोकं माह्यासमोर कसं आलं, ते सांगतो. मी सध्या हेलिकॉप्टरच्या शाळेत आहे. हसू नको, शिकायले नाही. इथं धावपट्टीच्या बाजूले एक शाळा निघाली, तिथं पोरंपोरी हेलिकॉप्टर उडवायले शिकतात. मी जमिनीवरचा माणूस. इंधन भरतो, उडणाऱ्याचं वजन करून वहीत लिहितो, अन् मशीन सुरू होताना आग विझवायचं नळकांडं घेऊन समोर उभा राहतो. सुरतेहून आलो, दिग्रसले जिनिंगमध्ये दोन महिने काढले, मंग पुसदच्या मंडपवाल्याकडे होतो. त्या मंडपवाल्याचा एक बकरा होता, तो फक्त निळा कपडा खाये, पांढऱ्याले तोंड नाही लावे. असो. तिथून निघालो तं इथल्या गेटवर भीमसिंग मिस्त्री भेटला. मशीनची सारी देखभाल त्याच्याकडे. म्हणे, "भिया, दोन हात हायेत ना? मंग ये." आठ दिवसांनी, जूनमध्ये, नवी बॅच आली अन् गाडीतून कोण उतरलं? माह्या मावशीचा नयन.

तुले तं माहीत आहे. काका ऑफिसातले, मावशीचं यवतमाळात घर, अन् आम्ही बाभुळगावचे तुरी-कपाशीवाले. दर दिवाळीले नयनचे जुने शर्ट माह्याकडे येत. ते मले अगदी बरोबर बसत, त्याचाच राग होता. सैल झाले असते तं एवढं लागलं नसतं.

तुझा अन् त्याचा साखरपुडा दसऱ्यानंतर आहे, हे मले नयननंच सांगितलं, मेसमध्ये पेढा देऊन. मी खाल्ला. चांगला होता. मी त्या चैत्रात तुझ्या बाबांकडे मागणी घालायले येतो म्हणून आलो नाही, सुरतेले निघून गेलो, ती माही चूक. तू स्टँडवर तीन तास उभी होती, हे मले नंतर कळलं. पण जगात एवढी पोरं असताना नयनच काहून?

इथं शिकवायले कॅप्टन विजयमाला मॅडम आहेत. त्या पहिल्या महिन्यात कोणाले उडूच देत नाहीत. उडायच्या आधी काय काय पाहायचं, तेवढंच शिकवतात. म्हणतात, चार गोष्टी बघा: माणूस, मशीन, मोसम आणि मागे लागलेले. एका पोरीनं विचारलं, "मागे लागलेले म्हणजे भुतं का मॅडम?" त्या म्हणाल्या, "भुतंच. वडील, पाहुणे, लग्नाची तारीख, रांगेत उभे राहून बघणारे. ज्यांच्यामुळे तुम्हाला वाटतं की आज उडायलाच पाहिजे, ते."

परवा त्यांनी मशीनवर मुद्दाम खोड्या करून ठेवल्या. शेपटीत फडकं अडकवलं, टाकीचं झाकण अर्धवट लावलं, इंधनाच्या नमुन्यात पाण्याचे चार थेंब टाकले. पोरांनी तिन्ही शोधल्या, टाळ्या वाजवल्या. मॅडम म्हणाल्या, "चौथी राहिली." सारे मशीनभोवती गोल गोल फिरले, पोटाखाली शिरले. काही सापडेना. तेव्हा त्या म्हणाल्या, "मला सकाळपासून एकशे दोन ताप आहे. तुमच्यासोबत मीच उडणार होते. मला कोणी विचारलं?"

मी नळकांडं घेऊन मागं उभा होतो. मलेही सुचलं नव्हतं. नयनले सुचलं नाही, याचा मात्र आनंद झाला.

अवधूत

लोहारा, १९ सप्टेंबर

भैरवी,

पहिलं पत्र पोचलं असेलच. तू उत्तर देणार नाही, हे धरूनच लिहितो, म्हणजे बरं पडते.

काल मी नयनचं उड्डाण थांबवलं. तो काही सांगेल त्याच्या आधी माह्याकडून ऐक. इथं एक नियम आहे. मॅडम, मिस्त्री, मी, झाडू मारणारी हंसाबाई, कोणीही डोक्यावर दोन्ही हातांची फुली केली की मशीन बंद. काहून केली, हे विचारायचं नाही. उलट ज्यानं थांबवलं त्याले मॅडम स्वतःच्या थर्मासमधला चहा देतात, सगळ्यांसमोर. म्हणतात, कारण विचारलं की पुढच्या वेळी माणूस हात वर करताना विचार करतो, अन् विचार करेपर्यंत उशीर होतो.

तं काल नयन मॅडमसोबत निघाला होता. तू पाठवलेला गॉगल लावलेला. मले शेपटीच्या पंख्याजवळ काहीतरी चमकल्यासारखं वाटलं, तेल असेल किंवा तार, म्हणून मी हात वर केले. भीमसिंगनं दोन तास सारं खोलून पाहिलं. काही निघालं नाही. नयनची पाळी गेली, तो दिवसही गेला.

मॅडमनं चहा दिला. नयननं माह्या पाठीवर थाप मारली. "बरं केलं अवध्या, शंका असली की थांबवायचंच." मनापासून म्हणाला तो. त्याच्या तोंडावर मले कुठंच राग सापडेना. चहात साखर लई होती, मले शेवटपर्यंत पिववला नाही.

आज इथं ऊन पडलं. कपाशीले पात्या लागल्या असतील आपल्याकडे. बाबांले फोन करायचा राहिला.

अवधूत

लोहारा, २७ सप्टेंबर

भैरवी,

हे पत्र महत्त्वाचं आहे, पहिली दोन फाडली असतील तरी हे वाच.

घटस्थापनेच्या दिवशी मॅडमनं सगळ्यांले विचारलं, "नवरात्राचा उपास कोणाचा आहे? लपवू नका. उपाशी माणसाला मी उडू देणार नाही, दसऱ्यानंतर उडा. देवी कुठे पळून जात नाही." तिघांनी हात वर केले, तिघांची उड्डाणं पुढं गेली. नयननं हात वर केला नाही.

पण भैरवी, त्याचा उपास आहे. लवंगेवरचा. सकाळी दोन लवंगा, संध्याकाळी दोन, वरून पाणी. दुसरं काही नाही. नऊ दिवस. मैदानावर बूट घालावे लागतात तेवढेच, बाकी अनवाणी फिरते. त्याच्या तोंडाले लवंगेचा वास येते. मले कसं माहीत? तं मेसमधून त्याचा डबा येते तो मीच खातो. पहिल्याच दिवशी तो माह्या खोलीवर आला. "अवध्या, हा डबा तू खाऊन टाक. परत गेला तं मॅडमले कळन."

मी म्हणलं, "कायले करतं एवढं?"

तं म्हणे, "भैरवीनं देवीले नवस बोलला हाय. सोलो पार पडला पाह्यजे म्हणून. तिनं बोललं, मी फेडतो. तिले नाही कसं म्हणू?"

हे ऐकून मले कसं वाटलं ते लिहू का? तू माह्यासाठी कधी कोणत्याच देवाले काही बोलली नाही. बोलली असशील तं मले सांगितलं नाही. मी त्याचा डबा उघडला. वांग्याची भाजी अन् भाकर होती. सारी खाल्ली.

रोज उडायच्या आधी कागद भरावा लागते. झोप किती झाली, औषध घेतलं का, शेवटचं कधी जेवलं, मनात काय चालू आहे. नयन लिहिते: पोहे, सकाळी सात. वजन मी करतो, वजनात काही दिसत नाही.

मंगळवारी, तीस तारखेले, अष्टमीच्या दिवशी त्याचा पहिला सोलो आहे. म्हणजे मॅडम उतरणार अन् तो एकटा उडणार. मावशी, काका, तुझे बाबा, सगळे पाहायले येऊन राह्यले. मॅडम सांगतात, त्या उतरल्या की मशीन हलकं होते, एकदम वेगळं वागते, तेव्हा हाताले जागं राहावं लागते. तोवर आठ दिवस उपाशी माणसाचा हात किती जागा राहीन?

तू त्याले फोन कर. बोललेलं मागं घे, किंवा दसऱ्यानंतर फेड म्हण. तुझं ऐकन तो.

मी हे पत्र आत्ताच लोहाऱ्याच्या पेटीत टाकतो.

अवधूत

लोहारा, १ ऑक्टोबर

भैरवी,

नयन ठीक आहे. हे पहिले लिहितो.

आता कालचं. सकाळी पाखरं सुटल्यासारखे पाहुणे आले. मावशीनं पैठणी नेसली होती, काकांच्या हातात हार, तुझे बाबा दोरीच्या मागं हात बांधून उभे. मले त्यांनी ओळखलं, पण ओळख दिली नाही. चालते.

नयननं मशीनभोवती फेरी मारली. मी सोबत होतो. इंधनाचा नमुना काढताना काचेची नळी त्यानं दोन्ही हातांनी धरली होती. यादीतली एकच ओळ त्यानं दोनदा वाचली अन् दोनदा वाचली हे त्याले समजलं नाही. मंग वजन. काट्यावर सदुसष्ट. मी वहीत बहात्तर लिहिलं.

हो. मागच्या पत्रात लिहिलं ना, वजनात काही दिसत नाही? दिसत होतं. रोज उतरत होतं. दुसऱ्याच दिवशी तो म्हणाला, "बहात्तरच लिही ना बे, कोण पाह्यते." मी लिहिलं. रोज लिहिलं.

काट्यावरून उतरून तो मले म्हणाला, "डबा तुह्या खोलीवर ठेवला हाय. आज लई वेळ उन्हात उभं राह्याचं हाय तुले, आधी खाऊन घे." भैरवी, त्याचे ओठ फाटलेले होते अन् त्याले माह्या जेवणाची पडली होती. मले इतका राग आला! वाईट माणूस असता तं माझं काम सोपं होतं.

मॅडमसोबत त्यानं तीन चकरा मारल्या. बऱ्या मारल्या. मंग ते समोर टेकले, मॅडम उतरल्या, दार लावलं, त्याच्याकडे पाहून अंगठा दाखवला अन् वाकून पंख्याखालून बाहेर आल्या. दोरीमागं सगळे टाळ्या वाजवायले लागले. माह्या हातात नळकांडं. समोर तो, वीस पावलांवर, काचेमागं, तुझा गॉगल लावून.

मले दोन गोष्टी एकदम समजत होत्या. एक, हा उपाशी आहे. दोन, हात वर केले तं सगळे म्हणतील, याले जळते. अन् ते खोटं नव्हतं. जळतच होतं. मी लई शोधलं स्वतःमध्ये, की जळणं बाजूले काढून दुसरं काही दिसते का. तेवढ्यात मशीनचे पाय जमिनीवरून सुटायले लागले, डावा आधी. एकदम डगमगलं. त्यानं सावरलं.

मी नळकांडं खाली टाकलं अन् हात वर केले.

त्यानं मशीन परत खाली टेकवलं. पंखा थांबायले किती वेळ लागते तुले माहीत नाही. मंग दार उघडलं अन् नयन उतरला. धावत नाही आला, चालत आला, अन् सगळ्यांसमोर म्हणाला, "दुसऱ्यांदा! अवध्या, जळतं तू माह्यावर. लहानपणापासून जळतं. सांग, आता काय चमकलं?"

मॅडम म्हणाल्या, "नयन, कारण विचारायचं नाही."

त्या असं म्हणाल्या म्हणजे मी सुटलोच होतो. गप्प राहिलो असतो तरी चालत होतं. पण मंग आज नाही तं उद्या, नवमीले, तो तसाच लवंगा चघळत बसला असता त्या सीटवर. म्हणून मी बोललो. "मॅडम, आठ दिवस झाले, याचा डबा मी खाऊन राह्यलो."

कोणाले आधी समजलं नाही. काका म्हणाले, "म्हणजे? चोरून?"

मावशीले समजलं. ती दोरीखालून वाकून आत आली, नयनचं तोंड दोन्ही हातांत धरलं, वास घेतला. "लवंगेवर धरला तू?" एवढंच म्हणाली.

मॅडमनं त्याले काट्यावर उभं केलं. सदुसष्ट. वही मागितली. बहात्तर. अक्षर माझं. त्यांनी माह्याकडे पाहिलं. मी म्हणलं, "त्या अठरा तारखेलेही काही चमकलं नव्हतं. तेव्हा नुसतंच जळत होतं."

भीमसिंगनं केळी आणली. नयन खाईना. "दोन दिवस राह्यले, आता तोडला तं भैरवीचं बोललेलं वाया जाईन." तेव्हा मावशी त्याच्याजवळ बाकावर बसली अन् म्हणाली, "उरलेले दोन दिवस माह्यावर. आईनं धरला तं देवीले चालते. अन् भैरवीले मी सांगीन. तोंड उघड." तिनं त्याले केळं भरवलं, लहान लेकराले भरवते तसं, अन् स्वतः तशाच पैठणीत बसून दोन लवंगा तोंडात टाकल्या. काका तिकडं हार हातात घेऊन फिरत होते, कुठं ठेवावा समजत नव्हतं. शेवटी झाडाच्या खुंटीले अडकवला.

मॅडमनं आम्हा दोघांले ऑफिसात बोलावलं. नयनले म्हणाल्या, "खोटा कागद भरला. पंधरा दिवस जमिनीवर. पहिल्यापासून शिकायचं." मंग थर्मास उघडला, मले कप दिला. "थांबवलंस, हा त्याचा चहा." मी पेलो. त्या थांबल्या माझा कप रिकामा होईपर्यंत. अन् म्हणाल्या, "आठ दिवस गप्प बसलास, वजन खोटं लिहिलंस. उद्यापासून येऊ नकोस."

मी आज गेलो नाही. खोलीवर बसून आहे. उद्या दसरा.

अवधूत

लोहारा, ७ ऑक्टोबर

भैरवी,

तू ब्लॉक काढून काल मेसेज पाठवला. दीड वर्षांनी तुझी एक ओळ. 'तुझं २७ तारखेचं पत्र शुक्रवारी, तीन तारखेला मिळालं. ते वेळेत पोचणार नाही, हे तुला माहीत होतं का?'

फोनवर उत्तर नाही देत, पहिल्या पत्रात लिहिलं त्याच कारणानं.

हो. माहीत होतं.

शनिवारी दुपारी टाकलेलं पत्र, मधात रविवार, दसऱ्याची सुट्टी. मी पोस्टाच्या खिडकीवर विचारलं होतं, नाशिकले कधी पोचन. तिथला माणूस म्हणाला, "अर्जंट असन तं स्पीड पोस्ट करा ना." मी म्हणलं, नाही, साधंच. नयन माह्या खोलीपासून तीस पावलांवर झोपते. मॅडमचा नंबर भिंतीवर लिहिलेला आहे. तरी मी नाशिकले पत्र लिहिलं. म्हणजे सांगितलं तं सांगितलं, अन् व्हायचं ते झालं असतं. मंग तुझ्यापाशी पुरावा राहिला असता की अवधूतनं सावध केलं होतं. अन् बोललेलं तुझं होतं, म्हणून दोष तुझ्या पदरात. हे सारं मी असं ओळीनं ठरवलं नव्हतं. पण पेटीत पत्र टाकताना मले हलकं वाटलं होतं, अन् ते काहून वाटलं हे मले तेव्हाच समजलं होतं.

तो पडावा असं मले वाटत होतं का, हे तू विचारलं नाही. तरी लिहितो. त्याचा डबा खाताना, एखाद्या घासाले, वाटत होतं. पुढच्या घासाले नाही वाटे. पण वाटलं.

काल संध्याकाळी मी नयनकडे गेलो अन् त्याले हे सांगितलं, तारखेसकट. तो बूट पुसत होता. पुसतच राहिला. मंग म्हणाला, "अन् मंग मंगळवारी हात काहून वर केले?"

"माहीत नाही. डावा पाय उचलला गेला अन् तू एकटा दिसला."

"मी एकटाच होतो ना बे त्यात. सोलो होता."

मले हसू आलं, त्यालेही आलं. मंग त्याचं थांबलं अन् माझं राहिलं, तेव्हा मी पण थांबवलं. म्हणाला, "साखरपुड्याले येऊ नको अवध्या. मावशीले काय सांगायचं ते मी सांगतो. लग्नाचं लग्नाले पाहू." तो माह्या आईले मावशी म्हणते, आजही तेच म्हणाला. मले वाटलं, म्हणणार नाही.

मी म्हणलं, "बरोबर हाय तुझं."

"अन् भैरवीनं विचारलं ना तुले? तं तुह्याच हातानं लिही. मी मधात नाही पडत."

म्हणून हे लिहून राह्यलो. नयन उद्या सकाळच्या गाडीनं नाशिकले येऊन राह्यला. तुमचं काय बोलायचं ते असेल, उपासाचं, बाकीचं. हे पत्र मी पोस्टात टाकत नाही, पाकिटात घालून चिकटवतही नाही. त्याच्या हातात उघडं देतो. गाडीत त्यानं वाचलं तरी चालते, पुसद फाट्यापर्यंत तसंही त्याले करमत नाही. मंग तू वाच.

तुम्ही दोघं एका टेबलावर बसून माझं अक्षर पाहाल. हे लिहिताना छातीत तेच होऊन राह्यलं जे नेहमी होते, काही कमी झालं नाही. तरी देतो. आता उठतो, तो सामान भरायले लागला असन.

अवधूत